मावशींचे वीस रुपये

गेल्या वर्षीच्या रमजानमधली गोष्ट. जुम्म्याचा दिवस होता, मी रोहिणखेडला गावी आलो होतो. असरची नमाज झाली होती, इफ्तारला तासभर बाकी होता. आमच्या रुग्णसाहित्याच्या खोलीचं दार उघडून मी वही चाळत बसलो होतो. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या मावशी वॉकर घेऊन आल्या. त्यांचे मालक घरात पाय घसरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. चार महिने तो वॉकर त्यांच्याकडे होता. मावशी दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर जातात. वॉकर त्यांनी धुऊन, पुसून आणला होता.

मी वहीत जमा लिहून घेतलं. मावशींनी पदराची गाठ सोडली आणि वीसची नोट पुढे केली. ‘सर, हे ठेवा. त्या वाकरच्या कामाले लावा.’

मी जे बोललो ते आपण सगळेच बोलतो. ‘राहू द्या मावशी.’

‘काहून? माये पैसे चालत नाही का?’

मी हसलो. आमचं पावतीपुस्तक छापील आहे, सर्वांत लहान पावती शंभराची, वीसची पावतीच नाही, असं त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, नोट पुन्हा पदरात बांधली आणि गेल्या. मीही रोजा सोडायला उठलो. आपण एका गरीब बाईचे वीस रुपये वाचवले, अशीच माझी समजूत होती. रात्री तरावीहला उभा राहिलो तरी मावशींचा प्रश्न डोक्यातून जाईना.

आमची संस्था म्हणजे फार काही नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर गावातल्या पाच-सात जणांनी वर्गणी करून सुरू केलेलं काम. दोन पलंग, काही व्हीलचेअर, वॉकर, काठ्या, एक ऑक्सिजनचं मशीन. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून द्यावं. भाडं नाही, अनामत नाही. वहीत नावं बघितली तर सगळं गाव त्यात सापडेल. पण वस्तू झिजतात, चाकं मोडतात, गाद्या फाटतात, आणि दरवर्षी आमच्या बैठकीत एकच रडगाणं असतं, की लोक देत नाहीत. त्यावर उपायही ठरलेले. मोठा फ्लेक्स लावू, कुणाला तरी प्रमुख पाहुणा बोलावू, मलकापूर-बुलढाण्याच्या चार व्यापाऱ्यांना गाठू. मावशी दारात येऊन देत होत्या आणि घेणारा मी नको म्हणत होतो, हे आमच्या एकाही बैठकीच्या इतिवृत्तात आलेलं नाही.

रमजान हा देण्याचा महिना आहे, हे बिगरमुस्लिम वाचकांनाही आता ठाऊक आहे. जकात बहुतेकांनी ऐकलेली असते. साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोनं, किंवा तितक्या किमतीची शिल्लक ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने तिच्यातला अडीच टक्के हिस्सा गरजूंना द्यायचा. फित्रा मात्र तितका कुणाला माहीत नसतो. तो ईदच्या नमाजेआधी द्यायचा, आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा, काल जन्मलेल्या बाळाचासुद्धा. माप किती? माणशी दीड ते दोन किलोच्या आसपास गहू, किंवा त्याची किंमत. उलेमांच्या हिशोबात थोडा फरक असतो, पण एवढंच.

आम्ही हनफी पंथाचे. आमच्याकडे फित्रा देण्यासाठी माणूस काहीसा सुस्थितीत असावा लागतो. पण कोकणातले मुसलमान बहुतांश शाफई. त्यांच्या पंथात ईदच्या दिवसाचं आणि रात्रीचं अन्न पुरून ज्याच्या घरी थोडं उरतं, त्याच्यावरही फित्रा आहे. म्हणजे सकाळी ज्याला फित्रा मिळाला, तोच दुपारपर्यंत फित्रा देणारा असू शकतो. हे मला पूर्वी विचित्र वाटायचं. गरिबाकडून कशाला घ्यायचं? आता वाटतं, माप एवढं लहान ठेवलं म्हणून तर त्यालाही देणाऱ्यांच्या रांगेत उभं राहता आलं.

आपल्या महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैसा फंड उभा केला. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, एवढी साधी योजना. तेव्हा रुपयाला चौसष्ट पैसे होते. म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांपर्यंत जावं लागे. व्यवहारी माणसाने या हिशोबाला हसून सोडून दिलं असतं. टिळकांनी या फंडाला पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला.

दुसरं उदाहरण मुष्टीफंडाचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथे एका पंगतीत जेवत होती. त्या पंगतीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे पाठ्यपुस्तकातून आपल्याला माहीत आहे. पण दागिने एकदाच मोडता येतात. मुलांना रोज भूक लागते. मुष्टीफंडाची रीत अशी, की घरातल्या बाईने स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची आणि जमलेलं धान्य गोळा करणाऱ्याच्या झोळीत घालायचं.

यातलं मर्म मला फार उशिरा कळलं. त्या काळी घरातल्या बाईच्या हातात पैसा नसायचा, तिजोरीची किल्ली तिच्याकडे नसायची. पण धान्याची कणगी तिच्या ताब्यात होती. एक मूठ ज्वारी काढायला तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. ज्याने कुणी ही पद्धत पहिल्यांदा काढली, त्याने देणाऱ्याचा हात कुठवर पोचतो ते आधी पाहिलं आणि झोळी तिथे नेऊन ठेवली.

उर्दूच्या वर्गात मी दारुल उलूम देवबंदचा इतिहास शिकवतो तेव्हाही हीच गोष्ट समोर येते. १८६६ साली हा मदरसा सुरू झाला. त्यापूर्वी मदरसे चालायचे ते नवाब, जमीनदार आणि वक्फच्या उत्पन्नावर. देवबंदच्या संस्थापकांपैकी मौलाना कासिम नानौतवी यांनी जी तत्त्वं घालून दिली, त्यांत एखाद्या जहागिरीच्या किंवा धनवंताच्या पक्क्या उत्पन्नावर विसंबू नका, असा इशारा आहे. सामान्य माणसाच्या चंद्यावर चाला, म्हणाले. १८८० पासून मनीऑर्डरचं काम टपाल खात्याकडे आलं आणि दूरच्या गावातल्या माणसालाही टपाल कचेरीतून दोन रुपये पाठवणं सोपं झालं. नवं साधन आलं की ते वापरायचं, हे त्यांना जमलं होतं.

आणि आमच्या गावातली मशीद? घाटाच्या पायथ्याची ती लहानशी देखणी दगडी मशीद १५८२ मध्ये खुदावंद खान महदवी या सरदाराने बांधली. एका माणसाच्या मनात आलं, त्याच्याकडे पैसा होता, मशीद उभी राहिली, आणि इतिहासात त्याचं नावही राहिलं. सव्वाचारशे वर्षांहून जास्त काळ तिच्यात झाडलोट करणाऱ्यांची, दिव्यात तेल घालणाऱ्यांची नावं कुणाकडे नाहीत. पलंग विकत घेऊन देणारा एखादा खुदावंद खान आम्हालाही भेटतो. त्याच पलंगाची गादी तीन वर्षांनी बदलायला मात्र कुणी सापडत नाही.

तर मावशींचा प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा बसलो. देणाऱ्याच्या वाटेत आम्हीच किती दगड टाकून ठेवलेत, ते मोजायला लागलो. पहिला दगड शंभराच्या पावतीचा. दुसरा, फॉर्म. कुणी पाचशे रुपये देतो म्हटला की आमचा एक उत्साही सभासद त्याच्याकडून नाव, पत्ता, पॅन नंबर, ईमेल असं सगळं भरून घ्यायचा. का, तर आयकरात सवलत मिळते. ८०जीची सवलत आहे हे खरं, पण दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ती मिळत नाही, आणि ज्याने नवी करप्रणाली घेतली त्याला तर ती नाहीच. ज्याला सवलत हवी तो स्वतः विचारतो आणि त्याला रीतसर प्रमाणपत्र द्यायलाच हवं. बाकीच्यांना त्या फॉर्ममधून कशाला न्यायचं?

तिसरा दगड क्यूआर कोड. तुम्ही म्हणाल, हे तर सोपं साधन. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आता भाजीवालीकडेही तो कागद चिकटवलेला असतो. पण आमचा कोड खजिनदाराच्या खासगी खात्याचा होता. पैसे पाठवताना पडद्यावर संस्थेऐवजी एका माणसाचं नाव यायचं. खजिनदार सज्जन आहेत, पण शहरात नोकरीला असलेल्या आमच्या गावच्या मुलाने ते नाव बघून हात आखडता घेतला तर त्यात त्याचं काय चुकलं? आता संस्थेच्या नावाने खातं आहे, कोडही त्याच खात्याचा आहे. वाचकांनाही सांगतो, कुठेही देणगी देताना पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा. दुसऱ्याच्या कोडवर स्वतःचा कोड चिकटवणारे लबाड निघाले आहेत.

दरमहा आपोआप पैसे जाण्याची सोयही आहे. ती आम्ही सुरू केली, पण माझं मन त्यात पूर्ण रमत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेचा नियम बदलला आणि कार्डावरून परस्पर जाणारे अनेकांचे हप्ते बंद पडले. दर महिन्याला देणगी जात होती त्यांनाही पुन्हा मंजुरी द्यावी लागली. माझाही एका संस्थेचा हप्ता तेव्हा थांबला, आणि तो थांबल्याचं मला कित्येक महिन्यांनी कळलं. नीयत करून दिलेलं आणि आपोआप गेलेलं, यात फरक आहे की नाही, यावर आमच्या इमामसाहेबांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, नीयत पहिल्या दिवशी केली ती पुरे. कदाचित त्यांचंच खरं असेल.

चौथी अडचण खास आमची. हनफी मतानुसार जकात गरजूच्या मालकीची करून द्यावी लागते. सगळ्या गावाने वापरायच्या पलंगाला ती लावता येत नाही. त्यासाठी इमदाद किंवा सदका हवा. त्यामुळे नेक माणूस विचारात पडतो, की याला दिलं तर माझी जकात अदा होईल का? आणि विचारायला संकोचतो. आता खोलीत दोन डबे आहेत. एकावर लिहिलंय, ‘जकात : फक्त गरजू रुग्णाच्या हातात औषधासाठी’. दुसऱ्यावर, ‘मदत : सामानाच्या दुरुस्तीसाठी, कुणीही द्यावी, कितीही द्यावी’. मजकूर मराठीत आणि उर्दूत, दोन्हीत आहे. एवढ्या एका पाटीने निम्म्या शंका मिटल्या.

एकदा कुणीतरी विचारलं, डबे, पावत्या, कोड यांवर खर्च कशाला, सगळा पैसा रुग्णांनाच जाऊ द्या. मी त्यांना सांगितलं, कुरआनात जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत जकात गोळा करणाऱ्यांचाही समावेश आहे. गोळा करणं हे काम आहे आणि त्याला खर्च येतो, हे चौदाशे वर्षांपूर्वीच मान्य झालेलं आहे.

एक दगड अजून हलत नाही. गावात क्यूआर चालवणारे फोन बहुतेक पुरुषांच्या खिशात असतात. घरातल्या बाईला दहा रुपये द्यायचे तर नवऱ्याचा किंवा मुलाचा फोन मागावा लागतो, आणि मग कशाला, कुणाला, असे प्रश्न येतात. मुष्टीफंडाच्या आधीची स्थिती झाली म्हणायची. म्हणून आमच्या वाड्यातल्या दोन कॉलेजकन्यांनी मदतीचा डबा उचलला आणि मजुरी हातात पडते त्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी गल्लीगल्लीतून फिरवायला सुरुवात केली. पावतीपुस्तक नवं छापलं. त्यात रकमेची जागा कोरी ठेवली.

पहिली पावती घेऊन मी स्वतः मावशींकडे गेलो. झाल्या गोष्टीबद्दल माफी मागायची होती, ती काही नीट मागता आली नाही. मावशींनी चहा टाकला. माझा रोजा आहे हे आठवल्यावर जीभ चावली आणि भांडं उतरवलं. मग वीस रुपये दिले. पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, ‘वाकरच्या पायाचं रबर झिजलं आहे सर, घसरते तो. ते बदला आधी.’ चार महिने तो वॉकर वापरलेल्या घराशिवाय हे आम्हाला कोण सांगणार होतं? दुसऱ्याच दिवशी चारही रबरं बदलली.

यंदाचा डबा येत्या जुम्म्याला उघडायचा आहे. त्यात चिल्लर फार असते आणि आमचे खजिनदार चिल्लर मोजायला कंटाळतात. मावशींनी निरोप पाठवलाय, त्या येऊन मोजतील.