आजोबांची पलटण शोधताना : जुन्या स्थानिक वृत्तपत्रांचा आधार

ट्रंकेत जपून ठेवलेले एखादे पदक, गणवेशातील धूसर छायाचित्र आणि ‘आजोबा बसऱ्याला गेले होते’ हे एक वाक्य. सातारा, रत्नागिरी, रायगड, बेळगाव या भागांतील अनेक घरांत महायुद्धाची एवढीच स्मृती उरली आहे. हा इतिहास घरी कोणी लिहून ठेवला नाही आणि सरकारी स्मारकांनीही तो पुरेसा नोंदवला नाही. इराकमधील बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरण्यात आली, भारतीय शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणवार केवळ संख्या आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. अशा वेळी त्या काळातील स्थानिक मराठी वृत्तपत्रे हे महत्त्वाचे साधन ठरते.

मात्र ग्रंथालयात जाऊन थेट जुने अंक चाळू लागल्यास निराशाच पदरी पडण्याची शक्यता अधिक. सुरुवात घरातूनच करावी लागते. भारतीय सैनिकांच्या पदकाच्या कडेवर बहुधा शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. १९२२ च्या पुनर्रचनेत मराठा पलटणींचे क्रमांक बदलले. १०३ क्रमांकाची पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ क्रमांकाची दुसरी, तर ११७ क्रमांकाची पाचवी. त्यामुळे ‘एकशे सतरा’ आणि ‘पाचवी रॉयल’ ही नावे सांगणारे दोन नातेवाईक एकाच पलटणीविषयी बोलत असू शकतात.

पलटण समजली की शोधाचा काळ निश्चित करता येतो. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात कुट येथील वेढ्यात सापडल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला हा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला आणि सुमारे तेरा हजार सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यानंतर पत्रे थांबलेल्या घरांसाठी १९१६ ते १९१९ या वर्षांचे अंक महत्त्वाचे ठरतात. कुटुंबातील कालगणना अनेकदा सनांत नसते. ‘मानमोडीच्या साथीत ते घरी नव्हते’ असे वृद्ध सांगतात, तेव्हा ते वर्ष १९१८ असते.

बातमी कधी छापली गेली असेल, हाही प्रश्न असतो. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण पत्करले, परंतु त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाल्याची अधिकृत घोषणा नोव्हेंबरमध्ये झाली. जुलैचे अंक तपासणाऱ्याला या सन्मानाविषयी काहीच सापडणार नाही. शिपाई नामदेव जाधव यांचा पराक्रम ९ एप्रिल १९४५ चा. त्यांचा सन्मान जूनमध्ये जाहीर झाला. शौर्यपदकाच्या शोधात पुढचे सहा महिने तरी पाहावेत.

दोन्ही युद्धांत भारत संरक्षण कायद्याखाली वृत्तपत्रांवर निर्बंध होते. पलटण नेमकी कोठे आहे, किती सैनिक पडले, हे स्थानिक संपादकाला मोकळेपणाने छापता येत नसे. म्हणून पहिल्या पानावरील तारांपेक्षा आतल्या पानांतील जिल्ह्याची बातमीपत्रे अधिक उपयोगी पडतात. भरतीसाठी मामलेदारांनी घेतलेली सभा, युद्धफंडाची वर्गणी, परतलेल्या सैनिकांचा सत्कार असा मजकूर तेथे मिळतो. सुभेदार-जमादारांची नावे येतात, साध्या शिपायाचे नाव क्वचितच. त्यामुळे आजोबांच्या नावाऐवजी गावाचे नाव शोधणे अधिक फलदायी. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी हे गाव तर पहिल्या महायुद्धातील आपल्या ४६ मृत सैनिकांमुळेच ओळखले जाते.

पत्राचा राजकीय कलही पाहावा लागतो. १९१८ मध्ये सैन्यभरतीला कोणत्या अटींवर सहकार्य द्यावे, यावरून टिळक आणि सरकार यांच्यात वाद झाला. त्याची छाया ‘केसरी’च्या मजकुरावर दिसते. पुण्याच्याच ‘ज्ञानप्रकाश’चा सूर नेमस्त होता. महार सैनिकांच्या वंशजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘जनता’ पाहिल्याशिवाय शोध पूर्ण झाला असे समजू नये, कारण १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तो काळ या पत्राने पाहिला आहे. संस्थानी फौजेतील सैनिकांसाठी बडोद्याचे ‘सयाजी विजय’ किंवा ग्वाल्हेरचे ‘जयाजी प्रताप’ अधिक जवळचे. १९०९ मध्ये सुरू झालेला ‘फौजी अखबार’ आज ‘सैनिक समाचार’ या नावाने निघतो.

जुने अंक पुण्यातील केसरी-मराठा ग्रंथालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८२८ मध्ये स्थापन झालेले रत्नागिरी नगर वाचनालय अशा संस्थांत विचारून पाहावेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील अनेक कागदपत्रे ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृत सैनिकाच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. रोमन लिपीत नावांची मोडतोड झालेली असल्याने ‘जाधव’ची तीन-चार रूपे करून पाहावी लागतात. केवळ नाव जुळले म्हणून नोंद आपल्याच आजोबांची मानू नये. गाव आणि शिपाई क्रमांक जुळायला हवा.

हाती आलेली नोंद कधी घरच्या कथेला छेद देते. रणांगणावर पडल्याचे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेलेले आजोबा आजाराने किंवा कैदेत वारले, असे निघू शकते. मेसोपोटेमियात रोगराईने घेतलेले बळी प्रचंड होते, त्यामुळे अशा नोंदीत नवल नाही. दुसऱ्या बाजूला, काही सांगणारी वृत्तपत्रेच झपाट्याने नाहीशी होत आहेत. युद्धकाळातील हलक्या प्रतीचा कागद पान उलटताना तुटतो, आणि अनेक तालुका पत्रांच्या मोजक्याच फायली शिल्लक आहेत. गावातील वाचनालयाच्या माळ्यावर अशी फाइल आढळल्यास पाने सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता छायाचित्रे घ्यावीत आणि त्यावर अंकाची तारीख व पृष्ठक्रमांक दिसेल याची काळजी घ्यावी.