अंगातली तारीख

नोकरीतली काही वर्षं मी तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या एका बँकशाखेत काढली. नागझिऱ्याचं जंगल जवळच होतं. एका मार्चअखेरीला एक शेतकरी पीककर्जाची मुदत वाढवून मागायला आला. पाऊस उशिरा आला, रोवणी लांबली आणि धान निम्म्यावर आलं, असं त्याचं म्हणणं. मी कॅलेंडराकडे बोट दाखवलं. 31 मार्च म्हणजे 31 मार्च. त्याचं नाव थकबाकीदारांच्या यादीत गेलं.

पुढे मे महिन्यात एका संध्याकाळी वनरक्षकाबरोबर पाणवठ्याजवळ बसलो होतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की चितळं उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. एक नर मान ताणून कर्कश ओरडत होता. ‘माजावर आला,’ वनरक्षक म्हणाला. ‘साहेब, तुमची तारीख भिंतीवर राहते, याची अंगात राहते.’

ही अंगातली तारीख ठरते कशी, याचा शोध मी निवृत्तीनंतर पुस्तकांतून घेतला. थंड मुलुखातल्या हरणांत ती ठरवतो मुख्यतः उजेड. रात्र लांबते तसं मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन जास्त वेळ स्रवतं आणि शरीराला ऋतू कळतो. युरोपातलं तांबडं हरीण सप्टेंबर-ऑक्टोबरात माजावर येतं. हीच हरणं एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडला नेली, तर तिथे त्यांचा माज मार्च-एप्रिलवर गेला. महिना बदलला, ऋतू तोच राहिला. हेतू एकच. पाडस जन्मावं तेव्हा आईपुढे कोवळा चारा असावा.

आपल्याकडे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक जेमतेम अडीच तासांचा. त्यामुळे चितळाचं पंचांग सैल. मध्य भारतात त्यांचा माज एप्रिल-मेच्या सुमाराला भरात असतो, पण पाडसं वर्षभर दिसतात. एकाच कळपात एका नराची शिंगं पक्की, तर दुसऱ्याची अजून मखमलीत. कान्हाचा बारशिंगा मात्र हिवाळ्यात माजावर येतो.

उजेड दरवर्षी तोच, ऊब मात्र बदलते आहे. स्कॉटलंडच्या रम बेटावर 28 वर्षांच्या नोंदींत तांबड्या हरणांचा माज आणि विणीच्या तारखा 5 ते 12 दिवस अलीकडे सरकल्या. मादी चांगली पोसलेली असली की लवकर माजावर येते, म्हणजे चाऱ्यालाही तारखेत मत आहे. फ्रान्समधल्या शांपेन भागात मात्र वसंत लवकर येऊ लागला, तरी तिथल्या रो हरणांच्या विणीची तारीख जवळपास हललीच नाही. ही हरणं उजेडाशी घट्ट बांधलेली. पाडसं जन्मतात तोवर कोवळा पाला जून होऊ लागलेला असतो आणि त्यांतली जगणारी कमी झाली.

हे वाचलं तेव्हा मला तो शेतकरी आठवला. त्याचं पीक पावसावर होतं, माझी तारीख कागदावर. रो हरणाला आपली तारीख बदलता येत नाही. मला निदान त्याचा अर्ज शिफारस करून वर पाठवता आला असता. तो मी पाठवला नाही.