पाटे चढवले, ब्रेक तेवढेच राहिले

पुतण्याने दोन वर्षांपूर्वी पिकअप घेतली तेव्हा कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून मी सही केली. गाडी दारात आली, वहिनींनी औक्षण केले, समोर लिंबू-मिरची लटकली आणि पेढे वाटले गेले. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरायचा आणि आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून वाशीला पोचवायचा, असा धंद्याचा बेत होता. मुलगा कष्टाळू आहे, त्यामुळे सही करताना माझा हात थरथरला नाही. तो थरथरायला हवा होता, हे परवा कळले.

परवा तो सकाळी आला आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "काका, पाच-सात हजार लागतील. गाडी मागं बसते. दोन पाटे चढवतो आणि फाळक्यांवर दीड फुटाचा पत्रा मारून घेतो."

"कंपनीने दिलेले पाटे तुटले का?"

"तुटले नाहीत. पण एवढ्यात भागत नाही. सगळ्यांनीच चढवलेत."

हे 'सगळ्यांनीच' मात्र खरे आहे. आपल्याकडच्या कोणत्याही बाजार समितीच्या आवारात पहाटे उभे राहिलात, तर कंपनीतून निघाली तशीच राहिलेली पिकअप शोधावी लागते. कुणाचे पाटे वाढवलेले, कुणाचे फाळके उंचावलेले. कुणी पुढे लोखंडी नळ्यांचा बंपर ठोकलेला, तर कुणी टपावर दिव्यांची अशी माळ लावलेली, की समोरून येणाऱ्याला क्षणभर देवाचीच आठवण व्हावी. हॉर्नविषयी तर बोलायलाच नको. हौसेला मोल नसते हे खरे, पण यातले सगळेच हौसेपोटी होत नाही. पाटे आणि फाळके वाढतात ते पोटासाठी.

मी कागद-पेन्सिल घेतली. गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वजनांवरून तिची मालवहनाची क्षमता निघते सतराशे किलो. टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा, रिकाम्या क्रेटचे वजन धरून बावीस समजू. म्हणजे सत्त्याहत्तर क्रेट झाले की गाडी भरली. "तू किती भरतोस?" पुतण्या जरा घुटमळला. "एकशेतीस." म्हणजे दोन हजार आठशे साठ किलो, टनभराहून अधिक जादा.

त्याच्यावर रागावणे सोपे होते. पण भाडे क्रेटवर ठरते. सत्त्याहत्तर क्रेटच्या भाड्यातून डिझेल, टोल, हमाली आणि हप्ता वजा केला तर हातात उरते काय, हे त्याने त्याच कागदाच्या पाठीमागे मांडून दाखवले. जे उरत होते ते पाहून मीही गप्प झालो. नेमाने माल भरणाऱ्याला बेताची कमाई आणि नेम मोडणाऱ्याला बरी, अशी रचना असलेल्या बाजारात एकट्या पोराला शहाणपण शिकवणारे आपण कोण? तरीही जामीनदार मी होतो. मी म्हणालो, "पैसे देतो, पण आधी मिस्त्रीला विचारू."

आमच्या फाट्यावरचा मिस्त्री चाळीस वर्षे गाड्यांखाली झोपून काम करतो आहे. बोलतो कमी. त्याने पुतण्याला गाडी खड्ड्यावर घ्यायला लावली आणि मला खाली वाकायला सांगितले. मागच्या आसाजवळ एक छोटी दांडी होती, ती वर चासीला बसवलेल्या एका डबीशी जोडलेली. बऱ्याच पिकअप गाड्यांना ही व्यवस्था असते. तिला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात.

"मास्तर, गाडी रिकामी असली की मागची चाकं हलकी असतात," मिस्त्री म्हणाला. "जोरात ब्रेक मारला तर ती जागच्या जागी अडकून गाडी फिरंल. म्हणून ही डबी मागचा ब्रेक जरा कमी ठेवते. माल भरला की पाटे दबतात, गाडी खाली बसते, दांडी हलते, आणि डबी मागच्या ब्रेकला पुरता जोर सोडते. आता तुम्ही वर दोन पाटे चढवले. माल भरला तरी गाडी बसणारच नाही. डबीला वाटणार, गाडी रिकामीच आहे. मग ब्रेक देणार कोण?"

मी उभा राहिलो तेव्हा पुतण्याही खाली वाकून त्या दांडीकडे बघत होता. गाडी मागे बसते हा त्याला दोष वाटत होता, आणि ब्रेकला ओझ्याचा निरोप तर त्या बसण्यातूनच मिळत होता. पाटे चढवणे म्हणजे तो निरोप मधेच अडवणे.

बाकीचे मिस्त्रीने चहा पिता पिता सांगितले. रिकाम्या गाडीचे वजन धरून हिशेब केला तर एकशेतीस क्रेट भरलेली गाडी कायदेशीर भरलेल्या गाडीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने जड होते. ब्रेकचे ड्रम, लायनर आणि टायर मात्र तेच राहतात. घाटात ती सगळी उष्णता त्यांनाच झेलावी लागते. तापलेल्या लायनरची पकड कमी होत जाते आणि पेडल दाबले तरी गाडी ऐकत नाही. फाळके उंच केले की ओझ्याचा मध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी कलंडायला थोडेसेच निमित्त पुरते. मागे ओझे फार झाले तर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग हलके लागते, आणि नव्या पोरांना वाटते, गाडी काय छान चालते!

कायदा याबाबत मोघम नाही. मोटार वाहन कायदा 1988 सालचा. त्याच्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील आणि उत्पादकाने ठरवून दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जे बदल चालतात, उदाहरणार्थ गॅसचे मान्यताप्राप्त किट, ते रीतसर नोंदवून घ्यावे लागतात. जानेवारी 2019 मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पुन्हा स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलवू द्यायची नाही. पुढच्या लोखंडी बंपरवर कारवाई करा, असे केंद्राने राज्यांना डिसेंबर 2017 मध्येच कळवले होते, कारण धडक बसलेल्या पादचाऱ्याला तो बंपर जिवावर बेततो. एवढे असूनही बंपर उघड दुकानांत टांगलेले दिसतात. हे पाहिले की कायदा कुणासाठी लिहिला, असा प्रश्न पडतो.

पण मला खरा घोर होता तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्याकडे मे महिन्यात लग्न होते, आणि वऱ्हाड याच पिकअपमधून न्यायचे ठरत होते. फाळके उंच केले की बायका-मुले पडणार नाहीत, हाही पुतण्याचा एक मुद्दा होता. त्याला दोष कसा देऊ? मी स्वतः लहानपणी टेंपोच्या हौद्यात सतरंजीवर बसून कितीतरी लग्ने गाठली आहेत. वरातीची गाणी म्हणत, पाटीतल्या करंज्या खात.

आमच्यापासून फार दूर नसलेल्या खेड तालुक्यात 11 ऑगस्ट 2025 रोजी, श्रावणी सोमवारी, पाईटजवळच्या कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप चढावरून दरीत कोसळली. किमान दहा जणी गेल्या. एका वाडीतल्या, एकमेकींच्या जावा-नणंदा, शेजारणी. त्या दिवशी आमच्या घरात कुणी धड जेवले नाही. आणि तरीही मे महिन्याच्या बेतात पिकअप होतीच. माणूस विसरतो असे नाही, पण सोय समोर उभी असली की आठवण मागे बसते.

नोंदणी पुस्तकात केबिनमधील आसनांची संख्या लिहिलेली असते. हौद्यात आसन नसते, म्हणून तिथे माणसाचा आकडाही नसतो. विम्याचेही तसेच. मालवाहू गाडीच्या हौद्यात बसलेल्या प्रवाशाची भरपाई देणे विमा कंपनीवर कायद्याने बंधनकारक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2002 मध्ये आशा राणी प्रकरणात दिला. 1994 च्या दुरुस्तीनंतर मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी यांना संरक्षण आहे, पण वऱ्हाडी काही मालाचे धनी नव्हेत. मग भरपाई देणार कोण? गाडीचा मालक. त्याची शेती, त्याचे घर. हे मी जेवताना सगळ्यांसमोर बोललो. वहिनींनी हातातला घास ताटात ठेवला आणि मुलाकडे पाहिले. त्या काहीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एसटीच्या आगारात जाऊन प्रासंगिक करारावर गाडी ठरवली. पैसे जास्त गेले, मानपानातली दोन लुगडी कमी झाली आणि त्यावरून थोडी कुरकुरही झाली. भांडी, रुखवत आणि आचाऱ्याचे सामान पिकअपमधून गेले.

धंद्याचे कोडे मात्र सुटलेले नाही. पुतण्या आता नव्वदीच्या आसपास क्रेट भरतो. नियमाने तेही जास्तच आहेत, आणि हे मी त्याला दर खेपेला ऐकवतो. भाडे क्रेटमागे थोडे वाढवून द्या म्हणून त्याने चार शेतकऱ्यांशी बोलणे केले. दोघे तयार झाले, दोघांनी दुसरी गाडी पाहिली. ती गाडी पाटे चढवलेली आहे, हे सांगायला नकोच.

त्याने आधीच आणून ठेवलेले दोन पाटे बरेच दिवस विहिरीच्या कठड्याला टेकून उभे होते. पाट्याच्या पोलादाचा कोयता चांगला होतो, म्हणून शेवटी ते लोहाराकडे गेले. तीन कोयते आणि एक विळा झाला. टपावरच्या दिव्यांची माळही उतरली. हॉर्न तेवढा अजून आहे. त्यावर आमचे बोलणे चालू आहे.