दोन मैत्रिणी, एक हस्तलिखित आणि आपली स्मृती

स्मरणिकेसाठी डॉक्टरांनी लेख द्यायचा तो मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखी यांवरच, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. यंदा मी तो मोडतो आहे. माझा विषय आहे एक इंग्रजी कादंबरी. मात्र तिची सुरुवातच अशा प्रसंगाने होते की, ती वाचताना आपल्यापैकी कोणाचेही हात शिवशिवावेत.

कादंबरीचे नाव 'यलोफेस'. चीनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या आर. एफ. क्वांग यांची ही कृती २०२३ साली प्रसिद्ध झाली. गोऱ्या नटाने रंगभूषा करून पूर्वेकडच्या माणसाची भूमिका वठवणे, या जुन्या प्रथेला तिकडे हा शब्द वापरतात. कथेत दोन तरुण लेखिका आहेत, येल विद्यापीठापासूनच्या मैत्रिणी. अथीना लिऊ यशस्वी, देखणी आणि समाजमाध्यमांवर असंख्य चाहते असलेली. जून हेवर्ड मात्र पहिले पुस्तक पडल्यामुळे कोणाच्या खिजगणतीत नाही. एका रात्री अथीनाच्या घरी दोघी पॅनकेक खात असताना अथीनाच्या घशात घास अडकतो. जून तिच्या पोटावर मागून झटके देऊन पाहते, रुग्णवाहिका बोलावते. पण अथीना तिच्या डोळ्यांदेखत मरते. आणि त्याच रात्री जून तिचे टंकलिखित हस्तलिखित, ज्याची दुसरी प्रत नाही, स्वतःच्या पिशवीत घालून घरी नेते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण डॉक्टरची खोड जात नाही. हेन्री हाइमलिक यांनी पोटावरच्या झटक्यांची ही पद्धत १९७४ साली मांडली. आता प्रौढ माणसाला आधी पाठीवर ५ जोरदार थापा आणि मग पोटावर ५ झटके, असे आलटून पालटून करण्यास सांगितले जाते; रुग्ण बेशुद्ध पडला तर छातीवर दाब देणे सुरू करावे लागते. आपल्या मंडळाच्या स्नेहभोजनांत श्रीखंड-पुरीचा जो मारा असतो, तो पाहता हे प्रात्यक्षिक एकदा सभासदांच्या कुटुंबीयांना दाखवायला हरकत नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये राबलेल्या चिनी मजुरांवरचे ते लेखन जून पुरे करते आणि स्वतःच्या नावावर छापते. प्रसिद्धी येते आणि पाठोपाठ आरोपही. फोन उघडावा तर कधी कौतुक, कधी शिव्या, कधी काहीच नाही. आपण शरीरक्रियाशास्त्राबरोबर थोडे मानसशास्त्र शिकलो, त्यात स्किनरचे प्रयोग होते. बक्षीस दर वेळी न मिळता अनियमितपणे मिळाले, तर प्राणी कळ दाबायचे सोडत नाही. जूनची बोटे फोनवर तशीच फिरत राहतात. जेवण सुटते, झोप जाते, तरी ती पाहणे थांबवत नाही. आपल्याकडे निद्रानाशाची तक्रार घेऊन येणाऱ्या तरुण मुलांना मी हल्ली आधी विचारतो, फोन रात्री कोठे असतो?

परंतु मला खिळवून ठेवले ते कादंबरीच्या निवेदनाने. सारी कथा जून सांगते. ती सरळ खोटे बोलते असे क्वचितच वाटते. ती स्वतःला समजावत जाते. आपण मैत्रिणीचे अपुरे काम तडीस नेले, निम्मे कष्ट आपलेच, तिलाही हेच आवडले असते, असे म्हणता म्हणता चोरीचे ऋणफेडीत रूपांतर होते. शिवाय तिच्यापाशी एक जुनी जखम आहे. महाविद्यालयात असताना तिने विश्वासाने सांगितलेला एक अत्यंत क्लेशकारक अनुभव अथीनाने कथा म्हणून छापला होता. मग आधी चोर कोण? उत्तर देणारी दुसरी साक्षीदार मरण पावलेली आहे. शेवटी जून रुग्णालयातल्या खाटेवर पडून आपली हकीकत नव्याने लिहिण्याचे बेत आखते, तेव्हा वाचकाच्या अंगावर काटा येतो.

स्मृती म्हणजे कपाटात ठेवलेली फाइल नव्हे, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवले होते. माणूस आठवताना गोष्ट पुन्हा रचतो. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवून प्रश्नातले एकच क्रियापद बदलले, आणि प्रेक्षकांनी सांगितलेला वेग बदलला. नाइसर आणि हार्श यांचा प्रयोग तर विनम्र करणारा आहे. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर यान कोसळले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कोठे, कशी कळली हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी ४४ जणांना पुन्हा विचारले, तर त्यांतील ११ जणांचे सर्व प्रमुख तपशील चुकले होते. तरीही आपल्या आठवणीबद्दल अनेकांची खात्री पक्की होती. आठवण खरी असेल, पण ती कोठून आली हा पत्ता पुसला जातो. ऐकलेले आपण पाहिलेले समजू लागतो.

हे सारे मी तटस्थपणे लिहिले असते. पण तीस वर्षे मी एक गोष्ट सांगत आलो होतो. १९८९ साली, आंतरवासितेत, रात्रपाळीला दम्याचा म्हणून एक लहान मुलगा आला. मी दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावला, उजवीकडे हवा जवळजवळ जात नव्हती. श्वासनलिकेत काही अडकले आहे असे मी वरिष्ठांना सांगितले, दुर्बिणीने शेंगदाणा निघाला. त्या खोलीतला पिवळा दिवा आणि मुलाच्या आईची हिरवी साडी आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. २०१९ च्या स्नेहसंमेलनात माझ्या जिवलग वर्गमित्राने हीच गोष्ट व्यासपीठावरून स्वतःची म्हणून सांगितली. मी उठून बाहेर गेलो. सराफ्यात रात्री दोन वाजता एकाच दोन्यात भुट्ट्याचा कीस खाल्लेले आम्ही, पुढे चार वर्षे एकमेकांशी बोललो नाही.

गेल्या वर्षी ग्वाल्हेरला, लष्करमधले ताईचे घर रिकामे करताना तिने जपलेला पत्रांचा गठ्ठा हाती आला. त्यात माझे एक अंतर्देशीय पत्र होते. अक्षर माझेच. कावीळ झाल्यामुळे तीन आठवडे घरी पडून आहे, असे लिहून पुढे मित्राने भेटीला येऊन सांगितलेली शेंगदाण्याची हकीकत मी कौतुकाने कळवली होती. म्हणजे मी त्या रात्री रुग्णालयात नव्हतोच. दिवा, साडी, सारे मी मागाहून कोठून तरी आणून बसवले होते. पत्र हाती घेऊन मी बराच वेळ ताईच्या ओसरीवर बसून राहिलो.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानंतर रुग्णसेवा ग्राहक कायद्याखाली आली, तेव्हापासून आपण टिपणांवर वेळ घालतो ती वकिलाच्या भीतीने. मी आता ती माझ्याच भीतीने घालतो. तपासताना, त्याच मिनिटाला. घरी जाऊन संध्याकाळी नव्हे. आणि रुग्णाला 'छातीत दुखते ना?' असे न विचारता 'काय होते?' असे विचारतो.

मित्राला फोन केला. पत्र वाचून दाखवले, क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, पण तू तर होतास तिथे. मी ऐकत होतो तेव्हा टॉर्च तूच धरला होतास."