गेमिंग पीसीचा जोडधंदा : स्क्रू, बिल आणि वॉरंटी

कोल्हापुरात गेमिंग पीसी जोडून देणाऱ्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुधा अभ्यास करूनच येतं. मोबाईलमध्ये सुट्या भागांची यादी तयार असते, प्रत्येक भागापुढे मुंबईच्या नाहीतर कोलकात्याच्या एखाद्या दुकानाचा ऑनलाइन दर असतो, खाली बेरीजही मारलेली असते. मग प्रश्न येतो, "दादा, एवढ्यात बसवून देता काय?"

धंद्याची सगळी अडचण या प्रश्नात आहे. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, रॅम यांचे दर आता कुणापासून लपलेले नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा व्यापारी गठ्ठ्याने माल उचलतो. संध्याकाळी नोकरीवरून येऊन राजारामपुरीतल्या आपल्या खोलीत पीसी जोडणाऱ्याला तो दर गाठता येत नाही, आणि गाठायचा प्रयत्नही करू नये. तो जे विकतो ते वेगळं आहे: भाग एकमेकांशी जुळतील याची खात्री, जोडणी, तपासणी आणि पुढची तीन वर्षं फोन उचलण्याची जबाबदारी. या कामाचा दर बिलात दिसला पाहिजे. तो लपवून भागांच्या किमतीत मिसळला की गिऱ्हाईक दर ताडून पाहतं आणि आपण चोर ठरतो.

मायकल डेलने १९८४मध्ये ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातल्या वसतिगृहाच्या खोलीतून हाच धंदा सुरू केला, तेव्हा त्याच्याकडे भांडवल होतं एक हजार डॉलर. पुढे कंपनी जगभर पसरली, पण मूळ युक्ती साधी होती: आधी मागणी घ्यायची, मग मशीन जोडायचं, माल घेऊन बसायचं नाही. जोडधंदा करणाऱ्याने डेलकडून एवढंच घ्यावं. भागांच्या किमतीइतकी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय एकही खोका मागवू नये.

आगाऊ रकमेचा आग्रह गिऱ्हाइकावर अविश्वास म्हणून धरायचा नसतो. बाजारच बेभरवशाचा आहे. २०११मध्ये थायलंडात पूर आला आणि जगभर हार्ड डिस्कचे दर भडकले. २०२१मध्ये क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक कार्डं उचलली आणि छापील किमतीच्या दुपटीने कार्डं विकली गेली. २०२५च्या शेवटी रॅमची पाळी आली. एआयच्या डेटा सेंटरांकडे चिप वळल्या, काही आठवड्यांत रॅमचे दर दुपटीच्या पुढे गेले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशियल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात महिन्यापूर्वीच्या कोटेशनवर शब्द दिला की नफा जातोच, पदरचेही जातात. म्हणून कोटेशनवर तारीख आणि मुदत लिहायची. दोन दिवस पुरे.

कोल्हापूरची आणखी एक अडचण पावसाळ्याची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरात शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी चढून पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. मुंबई-पुण्याहून येणारा माल याच रस्त्याने येतो. जुलै-ऑगस्टमध्ये गिऱ्हाइकाला तारीख देताना आठवडाभराची सैल जागा ठेवावी.

आता यादीकडे. गिऱ्हाइकाने आणलेल्या यादीत चुका ठरलेल्या असतात. प्रोसेसर एका सॉकेटचा, मदरबोर्ड दुसऱ्या. एएम-५ सॉकेटवर फक्त डीडीआर-५ रॅम चालते, आणि यादीत मित्राकडून स्वस्तात मिळणारी डीडीआर-४ असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, उदाहरणार्थ आय-५ १२४००एफ, त्याला स्वतःचं ग्राफिक नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६००चंही तसंच. "कार्ड दिवाळीत घेतो, तोवर असाच चालवतो" म्हणणाऱ्याला हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर दिवाळीपर्यंत काळा पडदा. जुन्या बी-४५० बोर्डावर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसतो खरा, पण बायोस अपडेट केलेलं नसेल तर सुरूच होत नाही. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी ताडायची, हे तर लहान पोरालाही सुचेल, तरीही तेच विसरलं जातं.

खरी कुरतड एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागावर होते. बजेट बसेना की गिऱ्हाईक तिथेच हात घालतं, कारण त्याने गेमचे फ्रेम वाढत नाहीत आणि ते काचेतून दिसतही नाही. डब्यावर '४५० वॅट' छापलेलं सहा-सातशे रुपयांचं एसएमपीएस प्रत्यक्षात तेवढा भार सलग पेलेलच असं नाही, आणि जळताना एकटं जळत नाही. बोर्ड, कार्ड बरोबर घेऊन जातं. आरटीएक्स ५०६०सारखं मधल्या दर्जाचं कार्ड १४५ वॅट घेतं, आरटीएक्स ४०९० एकटं ४५०. नामांकित कंपनीचं, ८० प्लस ब्रॉन्झ किंवा त्यावरचं, पाच वर्षं वॉरंटीचं एसएमपीएस घ्यायला गिऱ्हाईक तयार नसेल तर काम सोडावं. एक गिऱ्हाईक गेल्याने आपलं नुकसान होत नाही; ते जळकं मशीन वर्षभराने आपल्याच टेबलावर येण्याने होतं.

माल आला की खोका उघडतानाचा व्हिडिओ काढायचा आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर वहीत उतरवायचा. पुढे वॉरंटीचा वाद झाला तर हेच कामी येतं. प्रोसेसर सीलबंद खोक्यात आहे ना, हेही पाहायचं. सुटा, ट्रेमधला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्याला उत्पादकाची तीन वर्षांची वॉरंटी नसते. विकणाऱ्याने जे तोंडी सांगितलं असेल तेवढंच.

जोडणीत पहिला नियम: सगळं थेट कॅबिनेटमध्ये कोंबायचं नाही. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम लावायची, एसएमपीएस जोडायचं आणि चालू करून बघायचं. ग्राफिक नसलेला प्रोसेसर असेल तर कार्डही लावायचं. बिघाड असेल तर इथेच कळतो, पंचवीस स्क्रू खोलावे लागत नाहीत. डीडीआर-५च्या बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं पडद्यावर काहीच येत नाही. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. नवखा माणूस इथे घाबरून बटण दाबतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. गिऱ्हाइकालाही हे सांगून ठेवावं, कारण बायोस अपडेट झालं की त्याच्या घरीही हेच घडेल आणि रात्री अकराला फोन येईल.

मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करायचं. ते केलं नाही तर पैसे मोजून घेतलेली वेगवान रॅम मूळच्या कमी वेगानेच पळत राहते. पंखे समोरून हवा आत आणि मागून बाहेर असे. समोर धूळ अडवणारी जाळी असलेलं कॅबिनेट घ्यावं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या बाजूला घर असेल तर ती दर महिन्याला धुवायला सांगावी.

तपासणीला जोडणीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि जोडधंदेवाल्याला तेच बरं, कारण ती रात्री तो झोपला असताना चालते. मेमटेस्ट रात्रभर. सकाळी प्रोसेसरवर सिनेबेंच, कार्डावर फरमार्क किंवा ओसीसीटी तासभर, आणि शेवटी गिऱ्हाईक जो गेम खेळणार तोच गेम. तापमान लिहून ठेवायचं, पण खोलीचं तापमानही त्यासोबत लिहायचं. ऑगस्टमध्ये २४ अंशांच्या खोलीत कार्ड ७२वर थांबलं म्हणून खूश होऊ नये; एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या खोलीत ३८ अंश असतील तेव्हा तोच आकडा ८५च्या आसपास जाईल. या सगळ्या नोंदींचा एक कागद छापून मशीनबरोबर द्यावा. ऑनलाइन दुकानापेक्षा आपण काय वेगळं देतो, हे त्या कागदावर दिसतं.

मशीन पोचवायलाही आपणच जावं. जड ग्राफिक कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवायचं, कॅबिनेट आडवं, मदरबोर्डाची बाजू खाली. गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटातून जायचं असेल तर काचेचं पॅनेलही वेगळं बांधावं. गिऱ्हाइकाने घरी स्वतः जोडलं की दोन गोष्टी हमखास चुकतात: मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावलेली असते, आणि १६५ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६०वरच ठेवलेला असतो. वर्षभर तसंच खेळणारी पोरं आहेत.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती पीसीत नसून भिंतीत असते. पेठांमधल्या जुन्या घरांत बोर्डाला तीन भोकं असतात, पण अर्थिंगची तार पुढे कुठेच गेलेली नसते. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारं फिल्टर असतं. त्यातले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की कॅबिनेटवर २३० व्होल्टच्या निम्मा, म्हणजे एकशेदहा-पंधरा व्होल्ट दाब येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर पेटतो, आणि "तुमच्या पीसीला करंट येतोय" अशी तक्रार येते. मल्टिमीटर बरोबर ठेवावा. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. नाहीतर वायरमन बोलवायला सांगून मशीन परत आणायचं. गिऱ्हाईक रागावेल, रागावू द्या.

यूपीएसचंही तिथेच बघावं. घराघरांत असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. मधल्या दर्जाचं मशीन मॉनिटरसकट गेम चालू असताना तीनशेच्या घरात जातं. बॅटरी वर्षभर जुनी झाली की वीज जाताच सगळं बंद. एक केव्हीएचा घ्यायला सांगावं.

आता पैसे. समजा भागांची खरेदी जीएसटीसकट ६८,००० रुपयांची झाली आणि मशीन ७२,०००ला दिलं. वरचे ४,००० आपले वाटतात, पण नोंदणी असेल तर त्यातला १८ टक्क्यांच्या हिशेबाने ६१० रुपये कर सरकारचा. उरले ३,३९०. त्यातून पेट्रोल, पॅकिंग, एखादा भाग बदलायला पाठवण्याचं कुरिअर. जोडणी, तपासणी, पोचवणं आणि तीन वर्षांचे फोन यांची ही मजुरी आहे. म्हणून चार हजार मागताना ओशाळायचं कारण नाही. खरं तर कमीच आहेत.

नोंदणीचा नियम नीट समजून घ्यावा. महाराष्ट्रात नुसता मालच विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. लक्षात घ्या, नफा नव्हे, उलाढाल. ७२,०००ची मशीनं महिन्याला चार केली तर वर्षाचे साडेचौतीस लाख होतात. पाच केली की मर्यादा ओलांडली. सोबत दुरुस्तीची बिलंही करत असाल तर ती सेवा झाली आणि मर्यादा २० लाखांवर येते. आणि कोल्हापूरकरांसाठी खास खाच अशी की निपाणी इथून तासाभरावर, पण ती कर्नाटकात. नोंदणीशिवाय तिकडे माल पाठवता येत नाही, एकच मशीन असलं तरी. एक टक्क्याची कंपोझिशन योजना घेतलेल्यालाही परराज्यात विक्री करता येत नाही. बेळगाव-चिकोडीकडचं गिऱ्हाईक हवं असेल तर नियमित नोंदणीच घ्यावी, आणि ५०,०००च्या वरच्या मशीनबरोबर ई-वे बिल द्यावं. राज्यातल्या राज्यात ती मर्यादा एक लाख आहे. दुकान कायद्याखाली अशा एकट्यादुकट्याच्या धंद्याला फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. शासकीय नोकरीत असणाऱ्याने मात्र परवानगीशिवाय यात पडूच नये.

नियमित नोंदणीचा दुसरा फायदा गेमरांपलीकडे आहे. पोरं घासाघीस करतात आणि परीक्षा आली की मागणी थंडावते. तेच कार्ड, तीच रॅम लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्याला, आर्किटेक्टला, उद्यमनगरातल्या थ्री-डी डिझाइन करणाऱ्याला लागते. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला, तिथे फिल्म कापणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. या माणसाला एफपीएसशी देणंघेणं नसतं. हंगामात मशीन बंद पडू नये एवढंच हवं असतं, आणि पक्कं कर-बिल हवं असतं, कारण त्यावरचा कर त्याला वजा मिळतो. बिल देता आलं नाही तर तो पुण्याला जातो.

वॉरंटीचं तंत्र असं: पीसीला एकत्र वॉरंटी नसते, प्रत्येक भागाची आपापली असते. कार्डाची बहुधा तीन वर्षं, एसएसडीची तीन ते पाच, रॅमची त्याहून जास्त. बिघडलेला भाग कंपनीच्या किंवा वितरकाच्या केंद्रात जातो आणि बदलून यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. तेवढे दिवस गिऱ्हाइकाने काय करायचं? इथे एक जुनं, साधं ग्राफिक कार्ड, एक एसएमपीएस आणि रॅमची एक जोडी कायम स्वतःजवळ ठेवावी. माल साठवू नये म्हटलं, त्याला हा एवढाच अपवाद. एडिटरचं मशीन त्याच संध्याकाळी चालू करून दिलं की पुढची दोन कामं तोच आणतो.

हे सामान नवं घ्यायची गरज नाही, पण सेकंडहँड कार्ड घेताना जपावं. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडल्यावर वर्षानुवर्षं दिवसरात्र चाललेली कार्डं बाजारात ओतली गेली, आणि ती अजून फिरताहेत. तासभर भार देऊन, पंख्याचा आवाज ऐकून मगच पैसे द्यावेत, आणि गिऱ्हाइकाला विकताना जुनं कार्ड आहे हे बिलावर लिहावं.

सुरुवात नव्या मशीनपासूनच करायला हवी असंही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट थांबली, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या पेढ्यांमधून जुनी मशीनं पुष्कळ पडून आहेत. कॅबिनेट आणि मॉनिटर तेच ठेवून आतला बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलून देणं हे एका रविवारचं काम आहे, आणि त्यात मजुरी उघडपणे मागता येते. तिथे कुणी मोबाईलमधून दरांची यादी काढत नाही.