जननेंद्रियांवरील हर्पिस : लेपाची आशा आणि वैद्याचे कर्तव्य

आपल्याकडे फोडांच्या पुंजक्यास सरसकट ‘नागीण’ म्हणतात. परंतु नागीण व जननेंद्रियांवरील हर्पिस यांचे विषाणू भिन्न होत. हर्पिसचा विषाणू त्रिकास्थीलगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त राहतो. म्हणून व्याधी पुनःपुन्हा उद्भवते. त्वचेतील प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या रेसिक्विमॉड जेलने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आशा दाखविली. पुढील मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही. असायक्लोव्हिरने पुनरुद्भव कमी होतो, निर्मूलन होत नाही.

सबब धाराशिव, तुळजापूर, कळंब येथील वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी ‘समूळ बरे करू’ असे आश्वासन देऊ नये. गुप्तरोगांवरील उपचारांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. संकोचाने आलेल्या रुग्णास स्टिरॉइडयुक्त मलम न देता निदानार्थ पाठवावे. गर्भिणीबाबत विलंब नकोच. प्रसूतिसमयी अर्भकास संसर्ग संभवतो.