खात्यातून कापलेला दंड परत मागताना

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या पहिल्या दोन महिन्यांचे तीन हजार रुपये राज्यभरातल्या बायकांच्या खात्यांत जमा झाले. लगोलग अनेकींच्या लक्षात आलं की, काढायला गेल्यावर तीन हजार हातात येत नाहीत. बरेच दिवस पडून असलेल्या खात्यात पैसे आल्याबरोबर बँकेने मागचा मिनिमम बॅलन्सचा दंड वळता करून घेतला होता. तक्रारी वाढल्या आणि राज्य सरकारला बँकांना सांगावं लागलं की, या पैशातून कापाकापी करू नका. योजना गाजत होती म्हणून त्या बायकांचं ऐकलं गेलं. शिष्यवृत्तीच्या किंवा पिकाच्या नुकसानभरपाईच्या पैशातून अशी वसुली झाली, तर तेवढा गाजावाजा होत नाही. माणूस काउंटरवरचं एक वाक्य ऐकून घरी येतो : ‘सिस्टीमनेच कापलंय, आमच्या हातात काही नाही.’

गेल्या भागात पासबुकातल्या नोंदी कशा वाचायच्या ते पाहिलं. त्यातली चुकीची वजावट परत कशी मिळवायची, ते आज बघू. पहिली गोष्ट म्हणजे, ‘सिस्टीमने कापलं’ हे उत्तर म्हणून स्वीकारायचं नाही. सिस्टीममध्ये आकार बँकेनेच भरलेले असतात, आणि ते रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसतात की नाही, हे विचारण्याचा खातेदाराला पूर्ण अधिकार आहे.

मिनिमम बॅलन्सचंच घ्या. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी एवढ्या एका कारणाखाली सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये गोळा केले. ज्याच्या खात्यात हजार रुपये टिकत नाहीत, त्याच्याकडूनच घेतलेले हे पैसे आहेत. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा अशा बँकांनी साध्या बचत खात्यावरचा हा दंड बंद केला, हे चांगलंच झालं. पण खाजगी बँकांत तो चालू आहे आणि जुनी वजावट तर पासबुकात तशीच आहे.

या दंडाबाबत रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने नियम घालून दिला. शिल्लक कमी झाली की बँकेने आधी ग्राहकाला एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने कळवायचं आणि शिल्लक पुरी करायला एक महिन्याची मुदत द्यायची. त्यानंतरही ती कमी राहिली तरच दंड. तोही तुटीच्या प्रमाणात : पन्नास रुपये कमी पडले आणि पाच हजार कमी पडले, दोघांना सारखाच दंड, हे चालत नाही. आणि केवळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. दोन वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्याला तर हा दंड लावताच येत नाही. ते खातं पुन्हा सुरू करून देण्याचेही पैसे घेता येत नाहीत.

हे वाचल्यावर लाडक्या बहिणींच्या पैशांचं काय झालं, ते नीट कळतं. खातं रिकामं असताना दंडाचा हिशेब मागे साठवून ठेवायचा आणि पैसे दिसले की तो ओढून घ्यायचा, हा ‘खातं उणे होऊ नये’ या अटीला बगल देण्याचा प्रकार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक मोठं प्रकरण इथे सांगायलाच हवं, कारण ते मुंबईतच, पवईत उलगडलं. आयआयटी मुंबईतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी बँकांच्या आकारणीचा वर्षानुवर्षं चिकाटीने अभ्यास केला. त्यातून पुढे आलं की, स्टेट बँक शून्य शिल्लक चालणाऱ्या मूलभूत बचत खात्यांत महिन्यातल्या चार व्यवहारांनंतरच्या प्रत्येक डेबिट व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे लावत होती. पंधरा रुपये आकार आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. यूपीआयने केलेला व्यवहारही त्यातून सुटला नव्हता. किराणा दुकानात शंभराचं सामान घ्यावं आणि बँकेने वर सतरा रुपये घ्यावेत, असा हा मामला होता. ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना बजावलं की, १ जानेवारी २०२० पासून रुपे कार्ड आणि यूपीआयच्या व्यवहारांवर घेतलेला आकार परत करा. त्यानंतर स्टेट बँकेने सुमारे ९० कोटी रुपये खातेदारांना परत केले. त्याआधीच्या काळातले पैसे मात्र परत मिळाले नाहीत, आणि दास यांनी तेही लिहून मांडलं. ज्यांच्या खात्यात पैसे आले, त्यांतल्या अनेकांना ते का आले हेसुद्धा कळलं नसेल. पण एका माणसाने नियम आणि नोंद समोरासमोर ठेवली, तर सिस्टीम उलटी फिरते, एवढं त्यातून दिसलं.

आपल्यालाही तेच करायचं आहे, फक्त एका पानावर. लोक पत्रात रागाने लिहितात की, ‘तुमचा दंड फार जास्त आहे, गरिबाला लुटता.’ राग रास्त आहे, पण त्या पत्राचा उपयोग होत नाही. आकार किती असावा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय समजला जातो आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपालही त्यात पडत नाही. ‘सूचना न देता कापलं’ ही मात्र नियमभंगाची तक्रार आहे, ती टाळता येत नाही. पत्र असं असावं :

‘माझ्या वरील बचत खात्यातून १२ मार्च रोजी मिनिमम बॅलन्स चार्जेस म्हणून ३५४ रुपये (३०० रुपये व जीएसटी ५४ रुपये) वजा झाले आहेत. त्याआधी एक महिन्याची सूचना मला एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने मिळालेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार (मूळ परिपत्रक २० नोव्हेंबर २०१४) अशी सूचना दिल्याशिवाय हा दंड लावता येत नाही. सूचना पाठवली असल्यास तिची तारीख व प्रत द्यावी. नसल्यास पूर्ण रक्कम जीएसटीसह खात्यात जमा करावी.’

पत्राच्या दोन प्रती करा. एक बँकेला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने किंवा ई-मेलने पाठवा आणि तक्रार क्रमांक मागा. तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी कागद सोडू नका, कारण पुढची सगळी मुदत या तारखेपासून मोजली जाते.

अशाच पत्राने इतर वजावटींचाही जाब विचारता येतो. एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापरानुसार घ्यावेत, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्येच सांगितलं आहे. तिमाहीला सरसकट रक्कम कापली जात असेल तर संदेशांचा हिशेब मागा. ४३६ किंवा २० रुपयांची नोंद दिसली तर तो बहुधा पंतप्रधान जीवनज्योती किंवा सुरक्षा विम्याचा हप्ता असतो. या योजना स्वस्त आहेत आणि मला त्या चांगल्याही वाटतात, पण संमतीशिवाय नावनोंदणी झाली असेल तर सही केलेल्या अर्जाची प्रत मागा. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून रक्कम गेली, तर ती पाच दिवसांत परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती न मागता बँकेने द्यायची, हा नियम २०१९ पासून आहे. बऱ्याच जणांना मूळ रक्कम मिळते आणि ते खूश होऊन भरपाई विसरतात.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच योजना झाली आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ती भरता येते. इंटरनेट जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्याच चंदीगडच्या केंद्राकडे पोस्टाने पाठवता येते, आणि तीही मराठीत. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. फक्त बँकेला आधी दिलेलं पत्र आणि पोच जोडायला विसरू नका. थेट लोकपालाकडे गेलेली तक्रार परत येते.

गावोगावच्या पतसंस्थांचं मात्र वेगळं आहे. त्या बँका नाहीत, त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल चालत नाही. तिथली तक्रार सहकार खात्याच्या तालुका किंवा जिल्हा निबंधकाकडे करावी लागते. अनेकांचे महिने चुकीच्या दारात जातात, म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानावर संस्थेचं पूर्ण नाव आधी वाचून घ्या.

कर्जखात्यातले दंड, थकलेल्या हप्त्यावर चढणारं दंडव्याज आणि मुदतीआधी कर्ज फेडताना मागितले जाणारे पैसे, हा विषय याहून मोठ्या रकमांचा आहे. तो पुढच्या आठवड्यात घेऊ. तोवर कर्जाचं मंजुरीपत्र शोधून ठेवा, उदाहरणं त्यावरूनच समजून घ्यायची आहेत.